बंद पेट्रोल पंपाशेजारची विहीर: माती-पाणी तपासायचं कसं?

शेवंती_माळ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढते आहे.

पुणे-नाशिक जुन्या रस्त्याला लागून आमची सव्वा एकर जमीन आहे, बाबांच्या वाटणीची. शेजारचा तुकडा चुलत्यांचा. त्यांच्या तुकड्यावर १९७८ पासून पेट्रोल पंप होता. बायपास झाला, वाहतूक तिकडे वळली आणि २००९ मध्ये पंप बंद पडला. कंपनीने मशिनं नेली, छत नेलं. जमिनीखालच्या टाक्यांचं काय झालं याबद्दल घरातच दोन मतं आहेत. काका म्हणतात, वाळू भरून बुजवल्या. चुलतभाऊ म्हणतो, डिझेलची काढली, पेट्रोलची तशीच आहे.

आमची विहीर तिथून साधारण ४० मीटरवर, ४५ फूट खोल. पलीकडे १९९९ चं एक बोअर आहे, १८० फूट. आता आई-बाबा कायमचे तिथे राहायला जाणार आहेत आणि घराचं जोतं झालंय. वैशाखात विहीर तळाला गेली होती. तेव्हा पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसला आणि बादलीला वास आला. मी पाणी तालुक्याच्या ठिकाणी तपासायला दिलं. अहवाल आला, ‘पिण्यास योग्य’. माझं मन मात्र मानत नाही.

नेमकं काय तपासायचं, कुठून नमुना घ्यायचा, आणि काकांना न दुखवता हे कसं करायचं? काका आजारी असतात. आमच्यात भांडण नाही आणि मला ते नकोही आहे.

गोदाकाठ

विहिरीवर कधी डिझेल इंजिन होतं का? आधी ते सांगा. आमच्याकडे निम्म्या विहिरींच्या तवंगाचं मूळ इंजिनाच्या खड्ड्यात सापडतं.

शेवंती_माळ

होतं! आजोबांचं. २०१२ पर्यंत चालायचं, मग वीज आली.

मळ्यातली_वाट

तवंग काठीने हलवून बघा. लोहाचे जीवाणू असले की पाण्यावर तशीच रंगीत साय धरते, पण काठी लावली की तिचे पापुद्र्यासारखे तुकडे होतात आणि ते तसेच राहतात. तेल असेल तर फाटल्यावर लगेच परत जुळून येतं. हे मला आमच्या कृषी सहायकांनी शिकवलं, त्यांचे उपकार आहेत. पण काठी वरूनच लावा, विहिरीत उतरू नका.

काळा_पाषाण

भूजलाच्या कामात तेवीस वर्षं गेली आहेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

शेवंतीताई, तुमचा तालुक्याचा अहवाल खोटा नाही. त्याला तुमचा प्रश्न विचारलाच गेला नव्हता. पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि जीवाणू बघतात. पेट्रोलमधली बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन आणि झायलीन ही चार द्रव्यं त्यात येत नाहीत. या चौघांना मिळून ‘बीटेक्स’ म्हणतात. ती स्वतंत्रपणे मागावी लागतात. आपल्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकात खनिज तेलाला लिटरमागे ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे, पण बेंझीनचा वेगळा आकडा नाही. म्हणून आम्ही जागतिक आरोग्य संघटनेचा धरतो, लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. अमेरिकेत तो ५ आहे.

आता आपला खडक. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला बसाल्ट. वाळूच्या प्रदेशात पाणी सावकाश आणि बऱ्यापैकी सरळ जातं. बसाल्टमध्ये ते भेगांनी जातं आणि भेग कुणीकडे वळेल ते वरून कळत नाही. ४० मीटरवरची विहीर स्वच्छ आणि शंभर मीटरवरचं बोअर बाधित, असं होऊ शकतं. त्यामुळे विहीर आणि बोअर दोन्ही तपासा, एकावरून दुसऱ्याचं अनुमान काढू नका.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. गळती झाली की ते मुरमातून उतरतं आणि भूजलाच्या माथ्यावर तरंगतं. पावसाळ्यात पातळी चढते, उन्हाळ्यात उतरते, आणि दरवर्षी हे तेल त्या दहा-पंधरा फुटांच्या पट्ट्याला वरखाली सारवत राहतं. म्हणून एकदाच तपासून भागत नाही. एक नमुना मे महिन्यात, एक पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये. दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय काही बोलू नये.

रोखठोक

माफ करा, पण विनाकारण घाबरवणं चाललंय असं वाटतं. त्या पंपाशेजारी तीस वर्षं माणसं राहिली, तेच पाणी प्यायली. पंप बंद होऊन दीड दशक झालं. जमिनीत जीवाणू असतात, ते तेल खातात. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स लिव्हरमोअर प्रयोगशाळेने गळक्या टाक्यांच्या शेकडो जागांचा अभ्यास केला होता. बहुतेक ठिकाणी बेंझीन २५० फुटांच्या पुढे गेलंच नव्हतं. इथे हजारो रुपये घालण्यापेक्षा नळाची योजना घ्या.

काळा_पाषाण

@रोखठोक, तो अभ्यास खरा आहे आणि जीवाणूंचं म्हणणंही बरोबर. पण २५० फूट म्हणजे सुमारे ७५ मीटर आणि ताईंची विहीर ४० वर आहे. शिवाय ते निष्कर्ष मुख्यतः गाळाच्या जमिनीचे होते, आपल्यासारख्या भेगांच्या खडकाचे नाहीत. उलट बाजूचं उदाहरणही त्याच राज्यात आहे. सांता मोनिका शहराला १९९६ मध्ये आपल्या पिण्याच्या विहिरी बंद कराव्या लागल्या. पेट्रोलमध्ये मिसळायचं एमटीबीई नावाचं द्रव्य भूमिगत टाक्यांतून त्यांत उतरलं होतं आणि ते जीवाणूंना सहजी पचत नाही. शहराचा जवळपास निम्मा पाणीपुरवठा गेला.

आकडेमोड

एक हिशेब मांडून बघितला. आताच्या पेट्रोलमध्ये बेंझीनची कमाल मर्यादा १ टक्का आहे. म्हणजे एका लिटरमध्ये १० मिलिलिटर, वजनाने साधारण ८.८ ग्रॅम. हे सगळं पाण्यात विरघळलं असं धरलं, तर १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपर्यंत ते ८ लाख ८० हजार लिटर पाणी नेऊन पोचवतं. दहा हजार लिटरचे ८८ टँकर. एका लिटरला! प्रत्यक्षात बरंचसं उडून जातं, काही मातीला धरून राहतं, काही जीवाणू खातात, हे मान्य. पण जुन्या पेट्रोलमध्ये बेंझीनचं प्रमाण याहून जास्त असायचं.

डीपची_काठी

मी एका पंपावर बावीस वर्षं होतो, आधी मशिनवर आणि नंतर मॅनेजर. पंप कुठला ते विचारू नका.

रोज सकाळी टाकीत डीपची काठी टाकून साठा मोजायचा आणि विक्रीशी ताळा लावायचा. काठीच्या टोकाला पेस्ट लावायची, ती रंग बदलली की तळाला पाणी शिरलंय समजायचं. आमच्याकडे एका पावसाळ्यात रोज पाणी दिसायला लागलं. बाहेरचं पाणी टाकीत येतंय, म्हणजे आतलंही बाहेर जात असणार, इतकं साधं होतं. मी तीनदा लिहून दिलं. टाकी बदलायला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांचं मला आजही वाईट वाटतं, कारण पंपामागे वस्ती होती आणि वस्तीला हातपंप होता.

ताई, लोक नेहमी टाकीकडे बघतात. माझा अनुभव सांगतो: टँकर जिथे पाइप लावतो ते भरण्याचं तोंड आणि टाकीपासून मशिनपर्यंतची जमिनीखालची लाइन, खरी गळती तिथे असते. टँकर उपसताना दर वेळी चार-दोन लिटर सांडतंच. तीस वर्षांत किती झालं बघा. मातीचे नमुने तिथलेही घ्या.

आणि हात जोडून सांगतो, टाकी रिकामी असली तरी तिचं झाकण स्वतः उघडू नका. तळाला दोन बोटं तेल असलं तरी आत स्फोटक वाफ भरलेली असते. बिडी तर सोडाच, लोखंडी पहारसुद्धा नको.

ओवी

धाग्याचा विषय सोडून लिहिते, पण तवंगाचं वाचून रेशनच्या रॉकेलची आठवण आली. आजी फुंकणी आणि बाटली घेऊन बसायची आणि माझ्याच हाताने एकदा पाण्याच्या हंड्याशेजारी रॉकेल सांडलं. हंडा चार वेळा राखेने घासला, तरी आठवडाभर पाण्याला वास. तेव्हा आजी म्हणाली होती, तेल पाण्यात गेलं की घरभर कळतं.

दोन_थेंब

@ओवी, आजींचं रॉकेलबाबत खरं आहे, बेंझीनबाबत नाही. बेंझीनचा पाण्यात वास यायला लिटरमागे काही मिलिग्रॅम लागतं आणि मर्यादा आहे ०.०१ मिलिग्रॅम. वास येईपर्यंत मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडलेली असते. स्वच्छ, गार, बिनवासाचं पाणीही बाधित असू शकतं.

मी प्रयोगशाळेत काम करते आणि आमच्याकडे येणारे निम्मे नमुने प्रवासातच वाया गेलेले असतात. म्हणून नमुना घ्यायची रीत लिहिते.

प्रयोगशाळा निवडताना नुसतं ‘एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे का’ एवढं विचारू नका. मान्यता चाचणीनिहाय असते. ‘पाण्यातल्या बेंझीनची चाचणी तुमच्या मान्यतेच्या यादीत आहे का आणि किती मायक्रोग्रॅमपर्यंत मोजता’ असं विचारा. मोजण्याची खालची मर्यादाच ५० असेल तर ‘आढळले नाही’ या शेऱ्याला काही अर्थ नाही.

बाटल्या त्यांच्याकडूनच घ्या. ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या असतात, झाकणात टेफ्लॉनचा पडदा आणि आत आधीच आम्लाचे थेंब. त्या विसळू नका! आपल्याला सवय असते, नमुन्याच्या पाण्याने बाटली तीनदा विसळायची. इथे विसळलं की आम्ल गेलं. कुपी काठोकाठ भरायची, पाणी वर फुगलेलं दिसलं पाहिजे, मग झाकण. उलटी करून बोटाने टिचकी मारा, आत एकही बुडबुडा नको. बेंझीन त्या बुडबुड्यात उडून जातं. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी रवाना करा. आम्ल घातलेला नमुना १४ दिवस टिकतो, पण तेवढं थांबू नका.

बोअरचा नमुना गच्चीवरच्या टाकीतून घेऊ नका. बोअरच्या तोंडाजवळच्या नळातून घ्या. आधी मोटर चालू ठेवून पाइपातलं जुनं पाणी जाऊ द्या, मग धार बारीक करून भरा. विहिरीत बादली नको, बेलर नावाची नळी मिळते ती सोडा. तवंगाचा नमुना वेगळा आणि खालच्या पाण्याचा वेगळा.

त्या दिवशी गाडीत पेट्रोल भरून येऊ नका आणि जनरेटर जवळ चालवू नका. हाताचं पेट्रोल कुपीत उतरतं आणि मग आम्हाला शेजारच्या पंपाऐवजी तुमच्याच स्कूटरचा अहवाल द्यावा लागतो :)

माती प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका. वाफ उडते आणि अहवाल कोरा येतो.

रोखठोक

@दोन_थेंब, स्कूटरचं वाचून हसलो, पण पटलं. हे मला माहीत नव्हतं.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथे हा प्रश्न घराघरात आहे. जुन्या घरांच्या अंगणात गरम करायच्या तेलाच्या भूमिगत टाक्या असतात, साधारण ५५० किंवा १००० गॅलनच्या. नंतर गॅस आला आणि टाक्या तशाच राहिल्या. २०१६ मध्ये आम्ही घर घेताना वकिलांनी सही करण्याआधी टाकी शोधणाऱ्याला बोलवायला लावलं. तो चुंबकीय यंत्र घेऊन अंगणभर फिरला आणि गुलाबाच्या वाफ्याखाली टाकी निघाली. घर विकणाऱ्या आजींनाही ती माहीत नव्हती.

टाकी उचलल्यावर तळाला टाचणीएवढी भोकं. राज्याच्या पर्यावरण खात्याला कळवावंच लागतं, मग प्रकरणाला क्रमांक मिळतो. खड्ड्याच्या तळाची आणि भिंतींची माती तपासली. दोन ट्रक माती गेली, परत तपासली, तेव्हा कुठे ‘पुढील कारवाईची गरज नाही’ असं पत्र आलं. ते पत्र आम्ही घराच्या कागदांत सर्वांत वर ठेवलंय.

शेवंती, तुमच्याकडे असं पत्र मागणारं कुणी नाही, म्हणून सगळं स्वतःच लिहून ठेवा. तारीख, जागा, खोली, कुणी घेतलं, फोटो.

चेन्नईतली_मावशी

आमच्या शहरात तोंडियारपेटला २०१३ मध्ये लोकांच्या बोअरमधून इंधन यायला लागलं होतं. जमिनीखालून जाणाऱ्या वाहिनीची गळती होती. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. माझी कामवाली तिथली. पाण्याला वास येतो म्हणून ती आधी सांगायची तेव्हा कुणी मनावर घेतलं नव्हतं, मीसुद्धा नाही. म्हणून म्हणते, शेवंती, तू मन मानत नाही म्हणालीस ना, त्या मनाचं ऐक.

तलाठी_नाही_मी

कागदांचं बघू. पंपाला परवाना पेट्रोलियम नियमांखाली मिळतो. देणारी संस्था पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था, मुख्यालय आपल्या नागपुरात. परवान्याला मंजूर नकाशा जोडलेला असतो. टाक्या किती, कुठे, किती क्षमतेच्या, लाइन कुठून, सगळं त्यात असतं. तुमच्या काकांच्या कपाटात त्याची प्रत असणार. ती मिळाली तर खणण्याचा अर्धा खर्च वाचेल.

दुसरं, २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढलेत. संशयित जागेची माहिती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जायची, तपास व्हायचा, आणि ज्याने दूषित केलं त्याच्याकडून खर्च घ्यायचा, अशी रचना आहे. जागा काकांची असली तरी टाक्या आणि तेल कोणाचं होतं हे करारात बघा. बऱ्याच ठिकाणी जमीन भाड्याने आणि टाक्या कंपनीच्या असतात. म्हणजे काका तुमच्यासमोर नाहीत, तुमच्याच बाजूला आहेत. त्यांना तसंच सांगा.

गोदाकाठ

+१. आणि काकांकडे अहवाल घेऊन जाऊ नका, अहवाल काढायच्या आधी जा.

शेवंती_माळ

सगळ्यांचे मनापासून आभार. @तलाठी_नाही_मी आणि @गोदाकाठ, तुमचं वाचून त्याच रविवारी गेले. काकूंनी चहा टाकला, मी विषय काढला आणि काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “पोरी, ते पाणी आम्हीपण पितो.” उठले आणि ट्रंकेतून नकाशा काढून दिला. टाक्या तीन होत्या, दोन नाही! तिसरी १९९० च्या सुमारास वापरातून काढलेली, कुणाच्या लक्षातच नव्हती. दुसऱ्या दिवशी काठी टेकत स्वतः आले आणि भरण्याचं तोंड कुठे होतं ते दाखवलं.

काळा_पाषाण

तिसरी टाकी १९९० ची असेल तर यादीत शिसंही घाला. देशभर शिसंविरहित पेट्रोल सक्तीचं झालं ते २००० साली, त्याआधीच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं. मातीचा नमुना टाकीच्या तळाच्या खालून, साधारण साडेतीन मीटरवरून घ्या. वरची फूटभर माती तपासून काही कळणार नाही, तिथलं पेट्रोल कधीच उडून गेलं. मुरमात हाताचं गिरमिट चालणार नाही, यंत्र लागेल. आणि छिद्र पाडायच्या आधी नकाशा तीनदा बघा.

पहाटवारा

तोपर्यंत आई-बाबांनी काय करावं? घरातलं आरओ पुरेल का? की उकळून प्यावं?

दोन_थेंब

आरओच्या पडद्यावर बेंझीनसाठी विसंबू नका. चांगल्या सक्रिय कोळशाच्या गाळणीत ते अडकतं, पण कोळसा भरला की पुढे सुटायला लागतं, त्यामुळे वेळेवर बदल आणि पुन्हा तपासणी हवीच. उकळलं तर बेंझीन पाण्यातून निघून स्वयंपाकघराच्या हवेत येतं. म्हणून उकळणं नको. अहवाल येईपर्यंत पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी दुसरीकडून आणा.

शेवंती_माळ

पाच महिन्यांनी धागा वर काढते आहे. ऑक्टोबरचे अहवाल आले.

विहीर: बेंझीन आढळलं नाही, आणि मोजण्याची खालची मर्यादा १ मायक्रोग्रॅम होती, ते मी विचारून घेतलं. तवंगात डिझेलच्या जातीचं तेल निघालं. आजोबांच्या इंजिनाचा खड्डा उकरला तर माती काळी आणि तेलकट. @गोदाकाठ, तुमचा पहिला प्रश्नच बरोबर होता.

बोअर: बेंझीन १४ मायक्रोग्रॅम. हेच पाणी आम्ही ‘चांगलं’ म्हणून पाहुण्यांना द्यायचो. ना वास, ना रंग. शिसं मर्यादेच्या आत.

माती: तीन ठिकाणी घेतली. दोन साफ. भरण्याच्या तोंडाखाली साडेतीन मीटरवर पेट्रोलचे घटक भरपूर. @डीपची_काठी, तुम्ही सांगितलं नसतं तर तिथे आम्ही छिद्र पाडलंच नसतं.

बोअरची मोटर काढून ठेवली आहे. प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात अर्ज दिला, त्यावर काकांची आणि बाबांची दोघांची सही आहे. कंपनीलाही पत्र गेलंय. काकूंच्या घरी आता टँकरचं पाणी येतं आणि निम्मे पैसे बाबा देतात.

रोखठोक

ताई, मी नळाची योजना घ्या म्हणालो होतो आणि तपासणी वायफळ आहे असंही सुचवलं होतं. ते शब्द मागे घेतो. आमच्या गावातही एक पंप बंद आहे, शाळेच्या भिंतीला लागून. नमुन्याच्या कुप्या कुठून मागवल्या ते कळवाल का?

काळा_पाषाण

१४ हा पावसानंतरचा आकडा आहे, मे महिन्यात तो वर जाऊ शकतो किंवा खालीही. बोअर बुजवू मात्र नका, तपासणीसाठी तेच आपलं डोळ्याचं छिद्र आहे. तोंडाला कुलूपबंद झाकण बसवा. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, किती फुटांपर्यंत आहे ते कुणाला आठवतंय का? वरच्या मुरमातलं पाणी केसिंगच्या बाजूने खाली उतरत असेल तर पुढचा विचार वेगळा करावा लागेल.

शेवंती_माळ

@रोखठोक, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे. @काळा_पाषाण, बोअर पाडणारे आजोबांचे मित्र होते, त्यांचा मुलगा अजून गाडी चालवतो. काका उद्या त्याला फोन करणार आहेत. मे महिन्याच्या कुप्या आत्ताच सांगून ठेवल्या आहेत.